जिवंत मानेचं वजन

निमसे सर हाडांना हात लावायच्या आधी हात धुवायला लावत. नंतर धुतले नाहीत तरी त्यांची काही तक्रार नसे. हाडांच्या खोलीच्या दाराशी एक बादली, तांब्या आणि साबणाची वडी ठेवलेली असे. दुष्काळात नगरचं नळाचं पाणी दिवसाआड यायला लागलं तेव्हासुद्धा ती बादली कोरडी पडली नाही. पहिल्या दिवशी आम्ही वीसेक मुलं रांगेनं हात धुऊन आत गेलो. आमच्यातला एक धीट मुलगा म्हणाला, "सर, घाण तर हाडांची आपल्याला लागणार ना?"

सर म्हणाले, "ही मंडळी केव्हाच आंघोळ करून बसलीत. तू आत्ता एसटीतून उतरलास."

माझ्या घरात माझ्याआधी कुणी चौथीच्या पुढे गेलं नव्हतं. आमचं गाव पाथर्डीच्या अंगाला, कोरडवाहू. आई-वडील दर वर्षी दिवाळी झाली की ऊसतोडीला जात. मी आयुर्वेदाच्या कॉलेजापर्यंत कसा पोचलो हे सांगत बसत नाही, कारण मला सरांबद्दल लिहायचं आहे. एवढंच सांगतो की आमच्याकडे मयतीला जाऊन आलेल्या माणसाला आंघोळ केल्याशिवाय उंबऱ्याच्या आत घेत नाहीत. त्यामुळे पहिल्यांदा कवटी घ्यायची वेळ आली तेव्हा मी हात मागे घेतले. सरांनी ते पाहिलं. माझे दोन्ही तळवे धरून त्यांनी ओंजळ केली आणि कवटी अलगद तीत ठेवली. मग म्हणाले, "दोन हातांनी धरायची. एका हातानं धरतात तो तांब्या."

कवटी इतकी हलकी असेल असं मला वाटलं नव्हतं. वाळलेल्या भोपळ्याएवढं तिचं वजन.

सर पन्नाशीच्या पुढचे असावेत. अंगानं किरकोळ, शर्टाचं गळ्याचं बटण बारा महिने लावलेलं, वर एक काळा कोट, तोही विटून हिरवट झालेला. कोटाच्या उजव्या खिशात लाल खडू, डाव्या खिशात निळा. स्नायू कुठून निघतो ते हाडावर लालनं आणि कुठं चिकटतो ते निळ्यानं दाखवायचं. कधी घाईत खिसा चुकला तर थांबत, खडू परत ठेवत आणि पहिल्यापासून सुरुवात करत. हुद्दा डेमॉन्स्ट्रेटरचा होता. त्यांच्या मागून आलेले लोक प्राध्यापक झाले होते. बहुतेक शिक्षकांचे गावात स्वतःचे दवाखाने होते आणि संध्याकाळी पाच वाजले की ते सायकलीला टांग मारून निघून जात. सरांचा दवाखाना नव्हता. त्यांनी कधी कुणाला औषध दिल्याचं कुणाच्या ऐकिवात नव्हतं.

शल्यतंत्र शिकवणारे एक गृहस्थ होते, गावात चांगलं नाव असलेले. ते हाडांच्या खोलीवरून जाताना दारातून डोकावून विचारत, "काय निमसे, पेशंट बरे आहेत ना?"

"बरे आहेत," सर म्हणत. "अजून एकही दगावला नाही."

दोघंही हसत. आम्हीही हसत असू. पण ते गृहस्थ गेल्यावर सर थोडा वेळ हातातलं हाड उगाच फडक्यानं पुसत राहत, हे माझ्या लक्षात यायला वर्ष गेलं.

त्यांचं शिकवणं पुस्तकाच्या क्रमानं कधी चालायचं नाही. मानेपासून सुरुवात करत. सात मणके दोऱ्यात ओवून ठेवलेले होते, ते टेबलावर ठेवत आणि म्हणत, "उंटाला सात, उंदराला सात, आमच्या प्रिन्सिपॉलांनाही सात. मान ताठ कुणाची किती, ते मणक्यांवर नाही." मग वरचे दोन सोडवून हातात देत. पहिला मणका म्हणजे नुसतं कडं, त्याला अंग नाही. त्या कड्यावर डोकं टेकलेलं. दुसऱ्याला वर एक सुळका, दातासारखा. तो सुळका कड्यात शिरतो आणि त्याच्याभोवती डोकं फिरतं. "आणि त्या दाताच्या मागं," सर सांगत, "बोटभर जागा. त्या बोटभर जागेतून हात, पाय, श्वास, सगळं खाली जातं. एवढ्याशा जागेवर देवानं किती विश्वास टाकलाय बघा."

कपाटाच्या तळाशी एक खण होता, त्याला ते मोडक्यांचा खण म्हणत. त्यात तडा गेलेल्या कवट्या, वाकडा जुळलेला एक जबडा, आत दबलेलं गालाचं हाड अशा वस्तू कापसात ठेवलेल्या असत. कवटी कशी फुटते हे आम्ही त्या खणातून शिकलो. लहान मुलाची कवटी म्हणजे ओलं मडकं, मार बसला तर पोचा पडतो. मोठ्या माणसाची भाजलेलं मडकं, तडा जातो आणि तडा मार बसला तिथून लांब पळतो. जबडा बहुधा दोन ठिकाणी मोडतो, एका बाजूला सापडला की दुसऱ्या बाजूला शोधायचाच. "माणसाला विचारा, दात रोजच्यासारखे बसतात का? तो नाही म्हणाला की तुमचं निम्मं काम झालं." हे सगळं सांगताना ते त्या जबड्याकडे पाहून हळहळत. "ह्याला कुणी विचारलंच नाही. आयुष्यभर भाकरी एका बाजूनं खाल्ली असणार."

एकदा कॉलेजच्या मैदानात क्रिकेट चाललं होतं आणि आमच्या वर्गातल्या साळव्याच्या कानशिलावर चेंडू बसला. तो खाली बसला, उठला, हसला आणि परत खेळायला लागला. सर व्हरांड्यातून पाहत होते. त्यांनी त्याला बोलावून हाडांच्या खोलीत स्टुलावर बसवलं.

"सर, मला काही झालं नाही," साळवे म्हणाला.

"नाही झालं तर चांगलंच आहे. बस."

"सर, सहाच्या खेळाचं तिकीट काढलंय."

"कुणाबरोबर जाणार होतास?"

साळव्यानं मान खाली घातली. सरांनी मोडक्यांच्या खणातून एक कवटी काढली, उजेडासमोर धरली आणि कानशिलाची जागा दाखवली. तिथून उजेड आरपार दिसत होता, इतकं ते हाड पातळ. आतल्या बाजूला झाडाच्या फांदीसारखी खाच होती. "ही धमनीची वाट. हाड चिरलं की ही फाटते. माणूस उठतो, हसतो, घरी जातो, जेवतो. आत रक्त साठत राहतं. मग झोपतो आणि उठत नाही." साळव्याचा चेहरा उतरला. दर अर्ध्या तासानं सर त्याला खिडकीशी नेऊन डोळ्यांतल्या बाहुल्या पाहत. दोन्ही सारख्या आहेत ना एवढंच. साडेआठ वाजता त्याला सोडलं. त्याला काही झालेलं नव्हतं. पुढं बरेच दिवस मुलं सरांची नक्कल करत एकमेकांच्या बाहुल्या बघत होती. सरांच्या कानावर ते गेलंच असणार. एक दिवस वर्गात म्हणाले, "बघत जा. सवय चांगली आहे."

अभ्यासासाठी हाडं घरी न्यायची परवानगी होती. मी एका पत्र्याच्या ट्रंकेत कवटी, मणके आणि एका बाजूची हाडं घेऊन खोलीवर गेलो. खोली चंद्राकाकूंच्या घरात भाड्यानं घेतलेली होती. चंद्राकाकू एकट्याच राहत, पापड लाटून देत, आणि मला कधीमधी कालवणही देत. मी त्यांना ट्रंकेत पुस्तकं आहेत असं सांगितलं. हे खोटं बोललो याची मला अजून लाज वाटते. तिसऱ्या दिवशी त्या खोली झाडायला गेल्या आणि ट्रंक सरकवताना झाकण उघडलं. मी कॉलेजातून आलो तेव्हा ट्रंक अंगणात होती, वर लिंबाचा पाला टाकलेला, आणि काकू ओट्यावर बसून होत्या.

"तुझी ट्रंक घे आन् जा," त्या म्हणाल्या. "माझ्या घरात मी एकली बाई. रातीला डोळा लागंल का मला?"

मी कॉलेजात परत गेलो आणि सरांना सांगितलं. सर कोट घालून माझ्याबरोबर आले. आल्या आल्या त्यांनी काकूंकडं हात धुवायला पाणी मागितलं. मग जमिनीवर मांडी घातली, कवटी बाहेर काढली आणि तिच्याकडं पाहत शांतपणे म्हणाले, "बाई आहेत ह्या."

काकू दारातून म्हणाल्या, "कशावरून?"

"कपाळ बघा, सरळ आहे. पुरुषाच्या भुवईखाली हाडाचा उंचवटा असतो, तो नाही. हनुवटी लहान. वय झालेलं होतं. आणि दात बघा कसे झिजलेत. जात्यावरच्या पिठाची भाकरी खाल्लेली आहे. जात्याची कच जाते ना पिठात, त्यानं झिजतात असे."

काकू दोन पावलं पुढे आल्या. "आमच्या सासूबाईंचे दात असेच हुते."

"हो ना."

"हिचं कुनी न्हाई व्हय? असं ठिवून दिलं ते?"

"कागदावर बेवारस लिहिलंय. खरं काय ते आपल्याला माहीत नाही."

काकूंनी ट्रंकेवरचा पाला बाजूला केला. मग मला म्हणाल्या, "आत घे. पन पलंगाखाली नको. वर फळीवर ठेव. बाई मानसाला पायाखाली ठिवत्यात का?" पुढच्या शुक्रवारी मी खोलीवर आलो तर ट्रंकेच्या झाकणावर हळद-कुंकू वाहिलेलं. मी घाबरून सरांना विचारलं की पुसू का. सर म्हणाले, "राहू दे. आपण खडूनं रेघोट्या मारतो त्यापेक्षा हे बरं."

त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात आमच्या गावाजवळ दुष्काळी काम निघालं. पाझर तलावाचं. कामावर माणसांची दाटी झाली होती, रोगराई पसरू नये म्हणून टोचणीसाठी कॉलेजातून एक तुकडी पाठवायची ठरली. बाकीच्या शिक्षकांना दवाखाने होते, त्यामुळे नाव सरांचं निघालं. मी त्या भागातला म्हणून मला बरोबर घेतलं. तिथेही सर सुई कुणाला टोचत नसत. ते सुया उकळत आणि वहीत नावं लिहीत. टोचायचं काम आम्ही मुलं करत होतो.

कामावरच्या लोकांना पिण्याचं पाणी पुरत नव्हतं म्हणून जवळची एक विहीर खोल करत होते. सोपान नावाच्या मुकादमाची टोळी होती. विहिरीच्या काठावर यारी बसवलेली, तिच्या दोराला लोखंडी डोल. खाली फोडलेला दगड डोलात भरायचा आणि वरच्यांनी यारी फिरवून ओढायचा. एके दिवशी सकाळी दहाच्या सुमाराला डोल कपारीत अडकला. टोळीतला रंगनाथ नावाचा तिशीतला गडी कडेच्या टप्प्यावर उभा राहून पहारीनं तो सोडवत होता. पाय सटकला आणि तो दोन पुरुष खोल, डोक्यावर, फोडलेल्या दगडांत पडला.

आम्ही धावत काठावर पोचलो तेव्हा सोपाननं खाली रंगनाथच्या काखेत हात घातले होते. त्याला उठवून बसवायच्या बेतात होता. वरून कुणी पाण्याचा तांब्या दोरीला बांधत होतं.

"हात काढा," सर वरून म्हणाले. सरांचा आवाज चढलेला मी त्या एकाच वेळी ऐकला. "त्यांना आहे तसं राहू द्या."

"वर घ्याया नको का सायेब?" सोपान म्हणाला. "डोलात बसवतो, दोन मिंटांत वर."

"बसवायचं नाही. उठवायचं नाही. पाणीही पाजायचं नाही."

काठावर तात्या नावाचे एक म्हातारे होते. गावात कुणाची मान आखडली, पाठ धरली की लोक त्यांच्याकडे जात. ते म्हणाले, "मान लचकली आसंल. मला खाली सोडा, एका झटक्यात मोकळी करतो. लई जनांची केलीया."

सर त्यांच्याकडे वळले. "तात्या, तुमच्या हाताला गुण असेल. पण आज नको. आज मला करू द्या."

कशामुळे कोण जाणे, पण तात्या मागे सरले. सरांनी कोट काढून माझ्या हातात दिला, मग काय वाटलं, म्हणाले, "तो खाली ठेव आणि ये." विहिरीला निम्म्यापर्यंत दगडी पायऱ्या होत्या, पुढं शिडी. शिडीची एकेक पायरी पायानं चाचपत सर उतरले. मी त्यांच्या मागोमाग.

ते रंगनाथच्या डोक्याशी गुडघ्यांवर बसले. "नाव काय तुमचं?"

"रंगनाथ."

"कुठं दुखतंय?"

"मानंत. आन् हाताला मुंग्या आल्यात."

"पायाचा अंगठा हलवून दाखवा बरं."

अंगठा हलला. दुसराही हलला. तेवढ्यात सोपान वाकून म्हणाला, "रंग्या, बरा हाईस न्हवं?" आणि रंगनाथ मान हलवणार, तोच सरांचे दोन्ही तळवे त्याच्या कानांवर आले.

"मान हलवायची नाही. हो म्हणायलासुद्धा नाही." मग आमच्या सगळ्यांकडे पाहून ते म्हणाले, "ज्याचं उत्तर मानेनं देता येतं असं काहीच यांना विचारू नका."

पडलेल्या माणसाला विचारायचे आमचे सगळे प्रश्न तसलेच होते. बरा आहेस का, लई दुखतंय का, पाणी पाहिजे का. बऱ्याच विचारानं सोपान म्हणाला, "रंग्या, तुझ्या बैलांची नावं काय रं?"

"इसरला काय?" रंगनाथ आभाळाकडे बघत म्हणाला. "एक पाखऱ्या. दुसरा इकला की पोळ्याच्या आदी."

"शाबास," सर म्हणाले. "असंच बोलत राहा."

डोक्यावरचे हात त्यांनी काढले नाहीत. तिथूनच ते एकेक गोष्ट सांगत गेले. विहिरीशेजारी इंजिनाची खोली होती, तिचं दार उखडून खाली सोडलं. दार शेजारी ठेवून पाच जणांनी रंगनाथला ओंडक्यासारखं एकजिवानं कुशीवर वळवलं, खाली दार सरकवलं आणि परत पाठीवर घेतलं. डोकं, मान आणि पाठ एका रेषेत, सरांच्या हातात. आमच्या टोचणीच्या सामानाच्या दोन पिशव्यांत बारीक मुरूम भरून त्या कानांच्या दोन बाजूंना बसवल्या. कपाळावरून दाराला बांधायला रुंद कापड हवं होतं. वरून तात्यांनी आपला पटका सोडला आणि खाली टाकला. त्या पटक्यानं डोकं बांधलं, धोतरांनी छाती, कंबर आणि पाय. दाराच्या चार कोपऱ्यांना चार दोर, आणि चारी दोर यारीच्या आकड्याला, पाळण्यासारखे.

"रंगनाथ, आता मी हात सोडतोय," सर म्हणाले. "वर आल्यावर परत धरतो."

दार उचललं. यारीच्या मुठीवर दोघं होते, ते इतकं हळू फिरवत होते की चाक करकरत थांबतंय की काय असं वाटे. सर दाराखालीच उभे होते.

"सायेब, बाजूला सरा. दोर तुटला तर?" सोपान म्हणाला.

सर सरले, पण एकच पाऊल.

कामावर धान्य उतरवून एक ट्रक रिकामा झाला होता, त्यात पोत्यांवर दार ठेवलं. रंगनाथची बायको शेवंता पायाशी बसली, मी कडेला. सर डोक्याशी गुडघ्यांवर बसले आणि पटक्यावरून पुन्हा दोन्ही हातांनी डोकं धरलं. ड्रायव्हरला सांगितलं, "गाडीत भरलेले हंडे आहेत असं समज." नगरपर्यंतच्या रस्त्यात करंजीचा घाट. प्रत्येक वळणावर सरांचं सगळं अंग कलत होतं आणि हात तेवढे जागेवर होते. रंगनाथला ते वाटेतल्या गावांची नावं विचारत होते, सोयऱ्यांची नावं विचारत होते. मध्येच तो गप्प झाला की शेवंता घाबरून सरांकडे बघे.

घाट संपल्यावर सर माझ्याकडे न बघता हळूच म्हणाले, "पालवे, मी आजवर जिवंत माणसाची मान कधी हातात धरली नव्हती."

मी एक रिकामं पोतं त्यांच्या गुडघ्यांखाली सरकवलं.

"फार जड असतं रे डोकं," ते म्हणाले. "इतकी वर्षं मी मुलांना हलकं डोकं देत आलो."

सरकारी दवाखान्यात रंगनाथला आत घेतलं तेव्हा सरांची बोटं उघडेनात. नर्सबाईंनी एकेक बोट चोळून मोकळं केलं. एक्स-रेचा फोटो काढल्यावर डॉक्टरांनी फिल्म उजेडाला धरली. दुसऱ्या मणक्याचा दात बुडाशी मोडला होता, जागचा मात्र फारसा हलला नव्हता. डॉक्टर म्हणाले, "ह्याला कुणी बसवलं नाही?" सर म्हणाले, "नाही." डॉक्टरांनी पुन्हा एकदा फिल्मकडे पाहिलं.

कवटीच्या दोन्ही बाजूंना बारीक भोकं पाडून चिमटा बसवणार आणि त्याला वजन लावून मान ताणून ठेवणार, हे ऐकून शेवंता भिंतीला टेकून खालीच बसली. सर तिच्यासमोर व्हरांड्यात उकिडवे बसले. कवटीला दोन भिंती असतात, भोकं बाहेरच्याच भिंतीला पाडतात, मेंदू आतल्या भिंतीच्या आत सुखरूप राहतो, असं त्यांनी स्वतःच्या डोक्यावर बोट ठेवून तिला सांगितलं. "हाड जुळेल. पण मान पहिल्यासारखी फिरणार नाही कदाचित. वरखाली होईल. आडवी फिरायला त्रास पडेल."

"म्हंजे हो म्हनतील आन् न्हाई म्हनता येनार न्हाई?"

"मानेनं नाही येणार. तोंडानं म्हणतील."

शेवंतानं पदरानं डोळे पुसले. "तोंडानं तर आजवर न्हाईच म्हनत आल्यात," ती म्हणाली, आणि सर हसले. त्या दिवसात पहिल्यांदा.

पंधराव्या दिवशी कळलं की रंगनाथचं उजवं मनगटही मोडलं होतं. पडताना हात टेकला असणार. हाताला मुंग्या आहेत म्हणून सगळ्यांनी ते दुखणं मानेच्या खात्यात टाकलं होतं. सूज उतरेना म्हणून फोटो काढला तेव्हा हाड वाकडं धरायला लागलेलं होतं, आणि मानेला वजन लावलेलं असताना भूल देऊन ते पुन्हा बसवायचा धोका डॉक्टरांना घ्यायचा नव्हता. सरांना मी सांगितलं. ते म्हणाले, "मी तीन तास त्याच्याजवळ होतो. मनगट माझ्यासमोर होतं. मी मानच बघत बसलो."

ही गोष्ट गावात पसरली तशी माणसं कॉलेजात यायला लागली. मान धरलेली, हात निखळलेला, पाठ भरलेली. सर प्रत्येकाला बसवत, दुखणं ऐकून घेत आणि दवाखान्याची वाट दाखवत. एक म्हातारा चिडून म्हणाला, "विहिरीतल्याला हात लावलास, मला का न्हाई?" सर म्हणाले, "बाबा, मी हाडं ओळखतो. बसवत नाही." मला ते ऐकून वाईट वाटलं. मला वाटत होतं, आता सरांनी दवाखाना काढावा.

शल्यतंत्राचे ते गृहस्थ एक दिवस दारात थांबले. ह्या वेळी ते आत आले, बादलीत हात धुवून आले. "निमसे, ऐकलं मी. वाचवलात पेशंट."

"मनगट चुकलं," सर म्हणाले.

त्यानंतर मोडक्यांचा खण शिकवताना सर शेवटी एक वाक्य नेहमी सांगत. एक मोडलेलं सापडलं की दुसरं शोधायचं, जबड्यातच नव्हे, सगळ्या अंगात. वाक्य सांगताना ते खणाकडे बघत नसत, खिडकीबाहेर बघत. वर्गात नवी मुलं होती, त्यांना त्यातलं काही माहीत नव्हतं.

पुढच्या उन्हाळ्यात परीक्षा देऊन मी गावी गेलो आणि परत आलो तेव्हा सर निवृत्त होऊन श्रीगोंद्याकडे त्यांच्या गावी गेलेले होते. निरोप घ्यायचा राहिला. मी आता शेवटच्या वर्षाला आहे. त्यांना पत्र लिहावं असं अनेकदा मनात येतं, पण काय लिहायचं ते सुचत नाही. त्यामुळे सर डोळ्यांपुढं येतात ते त्याच्या आधीच्या हिवाळ्यातले, नगरच्या एसटी स्टँडवरचे.

रंगनाथच्या गळ्यातला प्लास्टरचा पट्टा काढला होता आणि तो शेवटचा फोटो दाखवून गावी निघाला होता. शेवंता बरोबर होती. सर त्यांना गाडीत बसवून द्यायला आले, मी पिशवी धरून होतो. मान खरंच फिरत नव्हती. कुणी बाजूनं हाक मारली की तो खांद्यांसकट अख्खा वळे. निघायच्या आधी सरांनी त्याचं उजवं मनगट हातात घेतलं, वाकडं जुळलेलं हाड अंगठ्यानं चाचपलं.

"हे माझ्याकडून राहिलं," सर म्हणाले.

"मनगटाचं काय घिऊन बसलाव सर," रंगनाथ म्हणाला. "पहार धरता येतीया. पाखऱ्याचा कासरा धरता येतोय. आन् काय पायजे?"

सरांनी मनगट सोडलं नाही लगेच.

गाडी लागली. पुढून दुसऱ्या बाकावर खिडकीची जागा मिळाली. आम्ही खिडकीखाली उभे होतो आणि आमच्याशी बोलायला रंगनाथ दर वेळी कमरेपासून वळत होता. शेजारच्या बाईला त्याचं कोपर लागत होतं, ती शेवंताला काहीतरी बोलली. कंडक्टरनं घंटी मारली. गाडी अजून हलली नव्हती, पण रंगनाथ परत वळायला लागला, सरांना शेवटचं बघायला. चेहऱ्यावर दुखल्याचं दिसत होतं.

"सरळ बसा," सर म्हणाले. "समोर बघा."

आणि ते निघाले. मला वाटलं परत चालले. पण ते गाडीच्या कडेनं भराभर पुढं गेले, ड्रायव्हरच्या पुढं, स्टँडच्या फाटकापर्यंत, आणि तिथं रस्त्याच्या कडेला गाडीकडं तोंड करून उभे राहिले, जिथं पुढच्या काचेतून ते समोर दिसतील, कुणालाही मान न वळवता. गाडी सुरू झाली आणि सावकाश फाटकाकडे निघाली. मी मागेच राहिलो होतो. रंगनाथनं आतून हात केला की नाही, हे मला तिथून दिसलं नाही. सरांचा हात वर गेलेला तेवढा दिसला.